हॉपरबाईंचे फडताळ

२०२४ चा नवतपा नागपूरकर विसरले नसतील. मे महिना संपता संपता शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि तो आकडा बघता बघता मोबाइलवरून मोबाइलवर फिरला. हवामान खात्याने तपासणी केली, तेव्हा दोष उपकरणात निघाला. ऊन होतेच, पण ५६ अंशांचे नव्हते.

आकडा अचाट होता म्हणून तो खोटा असल्याचा संशय लगेच आला. पण ४३ च्या जागी ४५ आले असते तर? मैदानी भागात पारा ४५ ला टेकला की हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते आणि ४७ ला टेकला की तीव्र लाट. त्या दोन अंशांवर बऱ्याच गोष्टी ठरतात. दुपारी बांधकामावर मजूर ठेवायचे की नाही, शाळा सकाळची करायची का, उष्माघाताच्या रुग्णांसाठी दवाखान्यात खाटा राखून ठेवायच्या का, हे सगळे त्या आकड्याकडे बघून ठरवले जाते. म्हणून तो आकडा उपकरणातून निघाल्यापासून आपल्यापर्यंत येईतो किती हातांतून जातो, हे पाहण्यासारखे आहे. त्यातले बरेचसे हात माणसांचे नसतात, प्रोग्रॅमचे असतात.

जगभरातली हवामानाची माहिती बहुतेक करून नेटसीडीएफ नावाच्या साच्यातल्या फायलींत साठवलेली असते. ती वाचायची कशी, हे जाणणारा प्रोग्रॅमसंच सी या भाषेत लिहिलेला आहे. पण विदर्भाच्या उन्हाळ्यावर प्रबंध लिहिणारी एखादी विद्यार्थिनी सी भाषेच्या वाटेला सहसा जात नाही. ती पायथन वापरते, कारण ती शिकायला सोपी आणि लिहायला आटोपशीर आहे. फाईल उघड आणि मे महिन्याचे कमाल तापमान दे, असे ती पायथनमध्ये एका ओळीत सांगते. पायथनला स्वतःला ते येत नाही. ती सीमधल्या तयार संचाला हाक मारते, सी ते काम करते आणि उत्तर परत देते. दोन भाषांमधली हद्द आकड्याने ओलांडलेली असते आणि आपल्या विद्यार्थिनीला त्याचा पत्ताही नसतो.

दुसऱ्याने, दुसऱ्या भाषेत लिहून ठेवलेला तयार तुकडा आपल्या प्रोग्रॅममधून बोलावणे ही आज इतकी सवयीची गोष्ट आहे, की तिचाही कधीतरी कोणीतरी आग्रह धरावा लागला असेल असे वाटत नाही. तो आग्रह धरणाऱ्यांत एक बाई होत्या, अमेरिकेच्या नौदलातल्या. त्यांचे नाव ग्रेस हॉपर.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म न्यूयॉर्कमध्ये ९ डिसेंबर १९०६ रोजी झाला. सात वर्षांची असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे बघायला तिने ते उघडले. सुटे भाग पुन्हा बसवता येईनात, म्हणून दुसरे उघडले, मग तिसरे. घरातली सात घड्याळे अशी खिळखिळी झाल्यावर आईने तिला फक्त एका घड्याळाशी खेळायची मुभा दिली. आईची मला गंमत वाटते. तिने उद्योग बंद केला नाही, नुकसान तेवढे आवरले.

वडील विम्याच्या धंद्यात होते. धमन्या कठीण होण्याच्या आजारापायी त्यांना पाय गमवावे लागले, तरी ते काम करत राहिले. आपण किती दिवस आहोत याची खात्री नसलेल्या त्या माणसाने मुलींनाही मुलाइतकेच शिकवायचे ठरवले होते, आणि त्या काळात ते सरसकट होत नसे. ग्रेस सोळाव्या वर्षी व्हॅसार महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी बसली आणि लॅटिनमध्ये नापास झाली. पुढच्या खेपेला प्रवेश मिळाला. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट. मधल्या काळात व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झाले आणि ती व्हॅसारमध्येच गणित शिकवू लागली.

इथवरचे आयुष्य एका हुशार प्राध्यापिकेचे आहे. दुसऱ्या महायुद्धाने ते वळवले. १९४३ च्या अखेरीस सदतिसाव्या वर्षी त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. वजन भरले जेमतेम ४८ किलो, नौदलाच्या किमान अटीपेक्षा सुमारे सात किलो कमी. त्यासाठी खास सवलत घ्यावी लागली. प्रशिक्षणानंतर सांकेतिक संदेशांच्या कामावर पाठवतील अशी त्यांची कल्पना असावी. जुलै १९४४ मध्ये हुकूम आला तो हार्वर्ड विद्यापीठाचा. तिथे हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली मार्क वन हे गणनयंत्र चालू होते.

हे यंत्र पंधरा मीटरहून लांब होते, म्हणजे आपल्या आपली बसपेक्षाही लांब. वजन सुमारे पाच टन, आत साडेसात लाख सुटे भाग. एका सेकंदाला तीन बेरजा, एका गुणाकाराला सहा सेकंद. सूचना भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून वाचल्या जात. तेच काम पुन्हा पुन्हा करायचे असेल तर पट्टीची दोन टोके चिकटवून तिचे कडे करत. आज गमतीचे वाटते, पण अणुबाँबच्या अंतःस्फोटाचे एक गणित जॉन फॉन नॉयमन यांनी याच यंत्रावर करून घेतले होते. त्या वेळी ते कशासाठी आहे हे हॉपरबाईंना सांगितले गेले नव्हते. यंत्राची जाडजूड माहितीपुस्तिका लिहायचे कामही एकेन यांनी त्यांच्यावर टाकले. ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली.

आपल्या विषयाचे मूळ या खोलीत आहे. मार्क वनवर काम करणारे मोजके लोक आपापल्या वह्या ठेवत. एखादे गणित बिनचूक चालले, समजा एखाद्या कोनाची ज्या काढायचे, की त्या सूचना वहीत उतरवून ठेवायच्या. पुढच्या वेळी दुसऱ्याला ज्या हवी असली की तो वही मागून घ्यायचा आणि तेवढा तुकडा आपल्या कामात नकलून घ्यायचा. नागपूरच्या घरात सावजी मसाला एकदाच भाजून, कुटून बरणीत भरून ठेवतात तसेच हे. रोजच्या रश्श्यात धणे किती, खसखस किती, दगडफूल किती याचा हिशेब पुन्हा मांडावा लागत नाही. दोन चमचे मसाला म्हटले की झाले.

फक्त इथे बरणी नव्हती. दर वेळी अख्खी कृती हाताने पुन्हा उतरवावी लागे आणि उतरवताना चुका होत. कोणाचा चार त्रिकोणासारखा दिसायचा, कोणाच्या इंग्रजी बी अक्षराचे तेरा व्हायचे. पुढे अशा वह्या इतर यंत्रांसाठीही वापरात आल्या, तेव्हा त्यात आणखी एक कटकट वाढली. वहीतला तुकडा शून्य क्रमांकाच्या जागेपासून लिहिलेला असे, आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये तो समजा ११० व्या जागी बसवायचा असे. मग त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ११० मिळवत जायचे. गणितातल्या डॉक्टरेट मिळवलेली माणसे दिवसभर नकला करत आणि बेरजा करत बसलेली असत, आणि नेमक्या त्या दोन्ही गोष्टी त्यांना धड जमत नसत. हॉपरबाईंनी हे पाहिले आणि ते त्यांच्या डोक्यात राहिले.

पतंगाची गोष्ट इथेच उरकून घेतो, कारण ती सांगितली नाही तर पत्रे येतील. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू या यंत्राच्या एका रिलेमध्ये मेलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. पण तो पतंग हॉपरबाईंनी पकडला नव्हता, आणि यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची पद्धत त्याच्या कित्येक दशके आधीपासून, एडिसनच्या काळापासून, होती. बाई ही गोष्ट रंगवून सांगत, म्हणून ती त्यांच्या नावावर जमा झाली.

युद्ध संपले. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हार्वर्डची नोकरी कराराची होती, तीही १९४९ मध्ये संपली. चाळिशी उलटलेली, घर नाही, कायमची जागा नाही. त्या नव्याने उभ्या राहणाऱ्या संगणक कंपनीत फिलाडेल्फियाला गेल्या. आरोग्याच्या या सदरात एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या वर्षांत त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या. फिलाडेल्फियात नशेत सापडल्याबद्दल त्यांना अटकही झाली. हार्वर्डमधले जुने सहकारी एडमंड बर्कली यांनी त्यांना सविस्तर पत्र लिहिले, दोष देण्यासाठी नव्हे तर सावरण्यासाठी. एवढी मोठी बुद्धी अशी वाया जाऊ देऊ नये, असा त्याचा रोख होता. त्यांच्या चरित्रांत हे प्रकरण फार काळ आलेच नाही. यशस्वी माणसाच्या व्यसनाबद्दल गप्प बसायची रीत आपल्याकडेही आहे. मला मात्र त्या पुढची तीन वर्षे याच पार्श्वभूमीवर पाहावीशी वाटतात, कारण त्यांचे सर्वांत मोठे काम त्या तीन वर्षांतले आहे.

कंपनीचे यंत्र होते युनिव्हॅक. ते इलेक्ट्रॉनिक होते, मार्क वनपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान. स्मरणात एक हजार शब्द मावत, शिवाय जोडीला चुंबकीय फिती. यंत्र इतके वेगवान आणि त्याला खाद्य पुरवणारी माणसे मात्र अजून वहीतून नकला करणारी. ऑक्टोबर १९५१ ते मे १९५२ या काळात हॉपरबाईंनी त्यावर उपाय लिहून काढला. त्याचे नाव ए-शून्य.

कल्पना अशी. तपासून घेतलेले सगळे तुकडे चुंबकीय फितीवर फडताळासारखे मांडून ठेवायचे. प्रत्येकाला एक हाक-क्रमांक द्यायचा. गणित मांडणाऱ्याने फक्त एवढेच लिहायचे, की अमुक क्रमांकाचा तुकडा आण, त्याला या जागेवरचा आकडा दे आणि उत्तर त्या जागेवर ठेव. फितीवरून तुकडा शोधणे, तो प्रोग्रॅममध्ये उतरवणे, त्यातले पत्ते नव्या जागेप्रमाणे बदलणे हे सगळे यंत्राने स्वतः करायचे. नकला आणि बेरजा या दोन्ही गोष्टी यंत्राला माणसापेक्षा बऱ्या जमतात, मग त्या त्याच्याकडेच का नकोत, असा साधा व्यवहारी विचार.

एक अडचण होती. तुकडा जोडताना पुढे येणाऱ्या, अजून जागा न ठरलेल्या भागाकडे उडी मारायची असेल तर पत्ता कुठला लिहायचा? बाईंना महाविद्यालयातल्या बास्केटबॉलमधला पुढे टाकायचा पास आठवला. त्यांनी एका ठरावीक कोपऱ्यात तात्पुरती चिठ्ठी ठेवायची व्यवस्था केली. पुढचा भाग त्याच्या जागी बसला की तो आपला पत्ता त्या चिठ्ठीवर लिहून टाकायचा. फीत मागे गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून वाचायची गरज उरली नाही.

श्रेयाचा हिशेब चोख हवा. तयार तुकड्यांचा संग्रह ही कल्पना एकट्या हॉपरबाईंची नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजला एडसॅक यंत्रावर डेव्हिड व्हीलर, मॉरिस विल्क्स आणि स्टॅन्ली गिल यांनी असा संग्रह आधीच उभा केला होता. तुकड्याकडे उडी मारून काम झाल्यावर मूळ जागी परत यायची युक्ती व्हीलर यांची. १९५१ मध्ये त्या तिघांचे त्यावर पुस्तकही निघाले होते. शिवाय हॉपरबाईंनी ए-शून्यला कंपायलर म्हटले, तरी आजच्या व्याख्येने ते कंपायलरपेक्षा तुकडे जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे लिंकरच्या जास्त जवळ जाते. पण आपल्या विषयाला तेच नेमके लागू पडते. पायथन जेव्हा सीचा संच बोलावते, तेव्हा फडताळातून तुकडा शोधून, त्याचे पत्ते जुळवून तो जागेवर बसवण्याचेच काम पडद्यामागे चालते.

लोकांनी सुरुवातीला ते मनावर घेतले नाही. यंत्र आकडेमोड करते, प्रोग्रॅम लिहीत नाही, अशी पक्की समजूत होती. हाताने लिहिलेला प्रोग्रॅम जास्त चपळ असतो हा दुसरा आक्षेप, आणि त्यात तथ्य होते. प्रोग्रॅम लिहिणे ही एक गूढ विद्या होती आणि ती जाणणाऱ्यांना ती सोपी व्हायला नको होती. हा तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नसे.

हॉपरबाई आणखी पुढे गेल्या. हाक क्रमांकानेच का मारायची, शब्दांनी का नको? व्यापाऱ्याला, कारकुनाला, कोठारातल्या अधिकाऱ्याला बीजगणिताची चिन्हे आवडत नाहीत, त्यांना शब्द कळतात. म्हणून इंग्रजी आज्ञा ओळखणारा प्रोग्रॅम तयार झाला, पुढे त्याचे नाव फ्लो-मॅटिक पडले. वरिष्ठांना पटवताना त्यांनी दाखवले, की यंत्राला शब्दाचा अर्थ कळत नाही, ते अक्षरांचा नमुना ओळखून नेमून दिलेला तुकडा बोलावते. मग शब्द कुठल्याही भाषेतला असो. पुरावा म्हणून तोच प्रोग्रॅम फ्रेंच शब्दांत आणि जर्मन शब्दांत लिहून चालवून दाखवला. परिणाम उलटा झाला. फिलाडेल्फियात तयार झालेले अमेरिकी यंत्र जर्मन समजते म्हणजे काय, असे म्हणून वरिष्ठ हादरले. युद्ध संपून दहा वर्षेच झाली होती. प्रोग्रॅम फक्त इंग्रजीच समजेल, असे आश्वासन देऊन बाईंना ते प्रकरण मिटवावे लागले. तेव्हा तो धागा तुटला नसता तर मराठी शब्दांत प्रोग्रॅम लिहिणे ही आज नवलाची गोष्ट राहिली नसती, असे मला उगाच वाटत राहते.

फ्लो-मॅटिकची छाप पुढे कोबोलवर पडली. १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने समिती बसली. हॉपरबाई तिच्या सल्लागार होत्या, कोबोलच्या एकमेव जननी नव्हेत. नव्वदच्या दशकात कोबोल शिकून २००० सालच्या घोळावर काम करायला पुण्या-मुंबईला गेलेले लोक आज आपल्याकडे पन्नाशी-साठीत आहेत. कोबोलच्या त्या चार विभागांची नावे त्यांना अजून तोंडपाठ असतील. मला महत्त्वाचा वाटतो तो डिसेंबर १९६० मधला प्रयोग. एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर जवळपास तसाच्या तसा चालला. तोवर प्रत्येक यंत्राची बोली वेगळी होती. दोन परक्या यंत्रांनी एकाच कराराला मान दिला, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

करार हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. फडताळातून तुकडा आणणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे काम म्हणजे देवाणघेवाण कशी करायची हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवणे, आणि आजच्या भाषांचा खेळ त्याच्यावर चालतो. सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवली. संगणकाची मूळ व्यवस्थाच सीमध्ये लिहिली गेली, त्यामुळे सीची देवाणघेवाणीची पद्धत ही सगळ्यांची पद्धत झाली. पूर्णांक द्यायचा असेल तर तो प्रोसेसरच्या अमुक खणात ठेवा, दशांश संख्या असेल तर तमुक खणात, उत्तर या खणातून उचला. पायथनमधला आकडा मात्र नुसता आकडा नसतो. तो एका डब्यात बंद असतो, डब्यावर त्याचा प्रकार आणि तो किती जण वापरताहेत याची नोंद असते. सीला डबा नको, आतला आकडा हवा. म्हणून हद्दीवर एक दुभाषी बसवावा लागतो. तो डबा उघडतो, आकडा काढून योग्य खणात ठेवतो, सीला हाक मारतो आणि आलेले उत्तर पुन्हा नव्या डब्यात भरतो.

दुभाष्याला चुकीचे सांगितले तर काय होते याचा एक नमुना पायथन शिकणाऱ्या पुष्कळांनी चाखला आहे. पायथनसोबतच सीटाइप्स नावाचा एक दुभाषी येतो. त्याच्याकरवी सीच्या गणिती संचातून दोनचे वर्गमूळ मागवा. उत्तर १.४१४ यायला हवे, येते भलतीच पूर्ण संख्या. सीचे काहीच चुकलेले नसते. तिने उत्तर दशांशाच्या खणात ठेवलेले असते. आपण काही सांगितले नाही म्हणून दुभाषी पूर्णांकाच्या खणात हात घालतो आणि तिथे पडलेला कचरा उचलून आणतो. कोणी तक्रार करत नाही, सूचना येत नाही. दिलेला आकडा आणि येणारे उत्तर दोन्ही दशांशात आहेत, हे आधी लिहिले की सगळे सुरळीत होते.

आपल्या विद्यार्थिनीच्या तापमानाचेही असेच. जागा वाचावी म्हणून फायलीत तापमान बऱ्याचदा छोट्या पूर्णांकात भरलेले असते. सोबत एक गुणक आणि एक बेरजेचा आकडा दिलेला असतो, आणि उत्तर येते ते केल्विनमध्ये. ४५ अंश म्हणजे ३१८.१५ केल्विन. यातली एक पायरी राहिली तर आकडा ५६ अंशांसारखा अचाट आला तर बरे, निदान शंका येईल. मंगळाकडे निघालेले अमेरिकेचे एक यान १९९९ मध्ये याच जातीच्या चुकीने गेले. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम रेट्याचा हिशेब पौंडांत देत होता आणि तो घेणारा दुसरा न्यूटन समजून घेत होता. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. साडेचार पटींचा फरक हद्दीवर पडला होता.

सी आणखी एका बाबतीत भोळी आहे. मागणाऱ्याने दहा अक्षरांच्या चिठ्ठीतून हजार अक्षरे मागितली तर ती चिठ्ठी किती लांब आहे ते आपणहून पाहत नाही, शेजारचे जे असेल ते देऊन टाकते. २०१४ मध्ये असंख्य संकेतस्थळांच्या कुलूपकिल्ल्या सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल या सी संचात असेच भगदाड सापडले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका रुग्णालयसाखळीतून ४५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली आणि चोर याच भगदाडातून शिरले, असे सुरक्षातज्ज्ञांनी सांगितले. रुग्णालयातल्या कोणी सीची एक ओळही लिहिली नसेल. त्यांनी फडताळातला तुकडा वापरला होता, बाकी सगळे वापरतात तसाच.

हॉपरबाईंनी आयुष्याचा उत्तरार्ध नेमका या दुसऱ्या अर्ध्या कामाला दिला, आणि त्याची चर्चा कमी होते. १९६६ च्या अखेरीस वय झाले म्हणून नौदलाने त्यांना निवृत्त केले. सात-आठ महिन्यांतच, ऑगस्ट १९६७ मध्ये परत बोलावले, सहा महिन्यांसाठी म्हणून. कोबोल एकच असली तरी प्रत्येक कंपनीने तिच्यात आपापली भर घातली होती आणि एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडखळत होता. बाईंच्या गटाने कोबोलच्या कंपायलरची परीक्षा घेणारे प्रोग्रॅम लिहिले. कंपनी म्हणते तसा तिचा कंपायलर खरोखर कराराप्रमाणे वागतो का, हे त्यातून कळे. कंटाळवाणे, न संपणारे, टाळ्या न मिळणारे काम. ते सहा महिने एकोणीस वर्षे चालले.

या काळात त्या प्रसिद्धही झाल्या. संगणकशास्त्रातला वर्षाचा पुरुष, अशा नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो या बाईंना. त्यांच्या कचेरीतल्या भिंतीवर उलटे फिरणारे घड्याळ होते. आजवर असेच चालत आले आहे म्हणणाऱ्यांना त्या ते दाखवत. १९८५ मध्ये त्या रिअर अॅडमिरल झाल्या आणि १४ ऑगस्ट १९८६ रोजी एकोणऐंशीव्या वर्षी, बोस्टनच्या बंदरात कॉन्स्टिट्यूशन या जुन्या लढाऊ जहाजावर त्यांचा निरोपसमारंभ झाला. तेव्हा नौदलात सेवेत असलेल्यांत त्या सर्वांत वयस्कर अधिकारी होत्या. लगेच एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी झोपेतच त्यांचा मृत्यू झाला. वय पंच्याऐंशी. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्यांचे दफन झाले.

व्याख्यानाला जाताना त्या पर्समध्ये तारेचे तुकडे घेऊन जात आणि श्रोत्यांना वाटत. प्रत्येक तुकडा सुमारे तीस सेंटिमीटर लांब, शाळेतल्या पट्टीएवढा. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात, वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकते. उपग्रहावरून संदेश यायला उशीर का लागतो असे सेनाधिकाऱ्यांनी विचारले की त्या ही तार पुढे करत. इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील ते मोजा.

पायथनमधून सीला एक हाक मारायला, डबा उघडण्यापासून उत्तर परत भरण्यापर्यंत, साधारण शंभर किंवा काही शंभर नॅनोसेकंद लागतात. शंभर धरले तर बाईंच्या तारेने तीस मीटर. तापमानाच्या दहा लाख नोंदी एकेक करून हद्दीपार नेल्या तर तार तीस हजार किलोमीटर होते. म्हणून नम्पायसारखे संच सगळे आकडे एका रांगेत, डब्यांतून काढून, एकाच हाकेत सीच्या हवाली करतात, आणि विद्यार्थिनीला मे महिन्याचा आलेख कूलरची टाकी भरून येईपर्यंत तयार मिळतो.